चालत्या मशीनवर

"बंद करायचं नाही हं, लम्जदसाहेब. एक सेकंदसुद्धा नाही," डॉक्टर नाजिहा फोनवर म्हणाल्या. "इथे बाहेर रांग लागलीय."

"अहो डॉक्टरबाई, अठरा वर्षांत कधी बंद पडू दिलंय का मी?"

सफाक्स शहरातल्या इस्पितळाच्या तळघरात लम्जदचा जुना लिनक्स सर्व्हर होता. सगळे एक्स-रे त्याच्यावर. डिस्क रोज थोडी थोडी भरत होती, आज अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर आली. लम्जदला काळजीपेक्षा अभिमानच जास्त वाटला. वॉर्डांचं आपल्यावाचून अडतंय. जूनमध्ये निवृत्त व्हायच्या आधी एवढं काम चोख करून जायचं.

नवी डिस्क त्यानं जोडली होतीच. आता जुनी फाइलसिस्टीम, म्हणजे फायली ठेवायची सगळी मांडणी, त्या जागेत पसरवायची, तीही वापर चालू असताना. मध्येच वीज गेली, तर हजारो माणसांची हाडं-फुप्फुसं मातीमोल.

"अर्धा तास बंदच करा की," शेजारच्या टेबलावरून त्याचा मदतनीस शाकिर म्हणाला. "कोणाला कळणारसुद्धा नाही."

"तुझ्या आईचा एक्स-रे वर वॉर्डात उघडलेला असता, तर बोलला असतास असं?"

शाकिरनं मान खाली घातली आणि तो कॉफी ढवळत बसला.

लम्जदनं आज्ञा टाइप केली, तीनदा वाचली आणि बटण दाबलं. आकडे मुंगीच्या पावलानं सरकू लागले. बायकोनं दिलेलं हरभऱ्याचं सूप, लबलाबी, डब्यातच गार झालं. वीस मिनिटं त्यानं पडद्यावरची नजर हलवली नाही.

मग आकडे थांबले. जागा दुप्पट झाली होती. काहीही बंद पडलं नव्हतं.

"शाब्बास!" त्यानं कळवल्यावर डॉक्टर नाजिहा फोनवर म्हणाल्या. "रांग जरासुद्धा थांबली नाही बघा."

लम्जदनं आता कुठे डबा उघडला. शाकिर बाहेर निघून गेला.

इतकी जागा खाल्ली तरी कशानं, म्हणून लम्जदनं यादी उघडली. एक्स-रेंच्या कप्प्यातली शेवटची फाइल दोन वर्षांपूर्वीची होती, वर नवी यंत्रं बसवली त्या आठवड्यातली. त्यानंतरची सगळी जागा त्यानंच कधीकाळी लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रामनं भरली होती. मशीनवर कोण काम करतंय, हे तो दर सेकंदाला टिपून ठेवत असे.

लम्जदनं ती फाइल उघडली. नव्या जागेत ओळी एकीखाली एक उमटत होत्या.

कोणीही जोडलेलं नाही.

कोणीही जोडलेलं नाही.