राणीसाहेबांची वेगळी चूल

राणीसाहेबांनी राजांकडून आलेलं माशाचं ताट परत पाठवलं, तेव्हा कालेसिता समजली की आजही समेट नाही.

“त्यांना सांग,” राणी लुसेआने म्हणाल्या, “राजवाड्यातलं मीठसुद्धा या घरात नको.”

कालेसिता ताट घेऊन नीरफणसाच्या झाडांखालून राजवाड्यात गेली. राजे माटेआकी ओट्यावर चटई टाकून बसले होते.

“काय म्हणाल्या?”

“राणीसाहेबांना भूक नाही, महाराज.”

“खोटं बोलू नकोस मावशी. तिला आणि भूक नाही!”

दोन वर्षं हे असं चाललं होतं. वादळात बेटावरची निम्मी घरं उडाली, तेव्हा सरदारांच्या सभेनं ठरवलं की खर्च वाचवायला राजवाड्यातली अकरा माणसं कमी करायची. यादीत पहिलं नाव स्वयंपाकीण कालेसिताचं होतं. तिचा नवरा हालोटी माडावरून पडून अंथरुणाला खिळलेला. ती आठवडाभर रडली.

त्याच रविवारी देवळाच्या दारात राजाराणीचं भांडण पेटलं. सगळे सरदार ऐकत होते.

“तुझ्या माहेरचे लोक प्रार्थनेत घोरतात,” राजे म्हणाले.

“आणि तुमचे जागे राहून काय दिवे लावतात?” राणीसाहेब कडाडल्या आणि तशाच चालत समुद्राकाठच्या घरी राहायला गेल्या.

वेगळी राहिली तरी राणी ती राणीच. तिच्या घरी स्वयंपाकीण नको? माळी, धोबीण नको? सरदारांनी कुरकुरत ती अकरा माणसं तिकडे धाडली.

कालेसिताची चूल पेटती राहिली. दर रविवारी ती देवाचे आभार मानायची आणि लगेच मान खाली घालायची. दुसऱ्याचा संसार मोडला म्हणून आपला चालतोय, हे तिला गिळवत नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन तिनं हालोटीला सांगितलं, “उद्या मी त्या दोघांना एकत्र बसवणार.”

“मग आपलं काय?”

“परसात अळू आहे, समोर समुद्र आहे. त्यांचं मीठ दोन वर्षं खाल्लं. कधीतरी फेडायला नको?”

हालोटीनं विचारलं, “बाकीच्या दहाजणांना विचारलंस?”

“विचारलं. माळी रडला. पण ‘नको’ असं कुणीच म्हणालं नाही.”

“मग जा. माझ्याकडूनही हात जोड.”

सकाळी तिनं नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवली, राणीसाहेबांसमोर दोन ताटं मांडली आणि ‘दुसरं कुणाचं?’ असं त्यांनी विचारायच्या आत राजवाड्याकडे धावली.

“महाराज, राणीसाहेबांना ताप भरलाय!”

राजे अनवाणीच उठून पळाले. वाटेत दोन सरदार भेटले, त्यांना मागे टाकून गेले.

कालेसिता धापा टाकत मागोमाग आली. राजे आत गेल्यावर तिनं बाहेरून दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या कुडाला टेकून बसली. आतून आरडाओरडा ऐकू येईना. तिचे डोळे भरून आले. आपली नोकरी गेली, हे तिला कळलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

मग आतून हसू ऐकू आलं. राजांचं.

“मावशीनं घाबरवलंच की गं! दोन वर्षांत असं दिवसाउजेडी आलो नव्हतो तुझ्याकडे.”

“हळू हसा,” राणीसाहेब कुजबुजल्या. “आपण भांडत नाही हे कळलं, तर त्या अकरा जणांना सरदार उद्याच घरी बसवतील. चला, ओरडा माझ्यावर.”