गच्चीवरचं ठिबक

आमच्या हडपसरच्या सोसायटीत टँकर आला तरच अंघोळ. तिसऱ्या मजल्यावरच्या विश्वजीतने गच्चीवर स्वतःच सोलर पॅनेल बसवले, पंप जोडला आणि माती सुकली की कुंड्यांना आपोआप थेंब थेंब पाणी मिळेल अशी सोय केली. इथवर ठीक होतं. पण मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मला म्हणाला, "काकू, वाहत्या नळाखाली भांडी घासता तुम्ही. लाज वाटली पाहिजे." तेव्हापासून मी टबात भांडी विसळते.

आज सकाळी आमच्या ह्यांनी अंगाला साबण लावला आणि नळाने मान टाकली. टँकर तर नुकताच येऊन गेलेला. मी तणतणत गच्चीवर गेले. विश्वजीत सोसायटीच्या टाकीला जाड पाइप लावून पॅनेल धूत होता. फेसाळ पाणी घळाघळा गटारात चाललेलं. बघूनच डोकं तडकलं.

"अहो काकू, शेजारच्या बांधकामाची धूळ बसते ना! रोज धुवावे लागतात. नाहीतर पंप चालत नाही."

आणि वर मलाच विचारतो,



"पंप चालला नाही, तर पाणी कसं वाचणार?"