आत्मचरित्राची दुसरी प्रत

रविवारी सकाळी, न्याहारी आटोपल्यावर, निवृत्त मुख्याध्यापकांच्या अभ्यासिकेत, खिडकीलगतच्या टेबलावर, त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली बसवण्याचे काम सुरू झाले. ते हाती घेणारा त्यांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, ताईचा, लहान भाऊ होता. घरात त्याला धाकटा म्हणत, आणि त्याचा हात लागलेली वस्तू पुन्हा चालल्याचे कोणालाही आठवत नव्हते.

"यानं घड्याळ दुरुस्त केल्यापासून या घरात सव्वाचारच वाजलेत," मुख्याध्यापक म्हणाले. "पुतणी इंजिनिअर आहे. तिला बोलावू."

"तिला कुठे सवड?" ताई म्हणाली. "माझा भाऊ करेल. जुन्या प्रणालीनं लॅपटॉप इतका रखडतोय, की तुमचं शेवटचं प्रकरण त्यातच अडकून बसेल."

प्रकरण आत्मचरित्राचे होते. संध्याकाळी ते प्रकाशकाच्या हाती पडायचे होते. स्पष्टवक्तेपणा हा मुख्याध्यापकांचा बाणा. सासुरवाडीविषयी त्यांनी सर्वांच्या नावानिशी सविस्तर लिहिले होते, आणि जेवताना ताईला ते वाचूनही दाखवले होते.

ताईने कपाटातून लाल पेनड्राइव्ह काढून दिला.

"यात काही नाही ना?"

"काही नाही रे. पूस खुशाल."

धाकट्याने स्वतःच्या लॅपटॉपवरून त्यात लिनक्स भरले, मग तो भावजींच्या लॅपटॉपला जोडला. पडद्याने भाषा विचारली, वेळ विचारली. मग प्रश्न आला: जुन्या प्रणालीशेजारी नवी बसवायची, की संपूर्ण डिस्क पुसायची? खूण दुसऱ्या पर्यायावर होती. ती हलवण्याआधीच मागून ताईचा आवाज आला.

"किती विचारतंय ते मेलं! हो म्हण आणि मोकळा हो!"

दचकून त्याने हो म्हटले.

काही वेळाने नवा पडदा झळकला: स्वच्छ, सुंदर आणि रिकामा. धाकट्याने सगळीकडे शोधले. आत्मचरित्र नव्हते.

मुख्याध्यापक दारात डोकावले. "ग्रंथ सुखरूप ना?"

"हो भावजी... म्हणजे, बघतोय."

"चेहरा का उतरला? तुझा लौकिक ठाऊक असल्यानं मी दुसरी प्रत काढून ठेवली आहे. कपाटात, लाल पेनड्राइव्हवर."

धाकट्याने टेबलावरचा लाल तुकडा तळहाताखाली झाकला. भावजी वळताच तो स्वयंपाकघराकडे धावला.

"ताई, सगळं गेलं! दोन्हीकडचं!"

ताईने हातातला कप विसळून पालथा घातला. "गेलं ते गेलं. मी सांगते त्यांना. तू घरी जा."

"मी त्यांचे पाय धरतो."

"पाय धरून अक्षरं परत येतात का? जा म्हणते ना."

ती रागावलीसुद्धा नाही. बहिणीची ही माया पाहून धाकट्याला भरून आले. तिला एकटीला तोंड द्यायला ठेवून पळ काढणे त्याच्याने होईना. तो अभ्यासिकेत परतला, दाराला कडी घातली आणि फोनवर उपाय शोधू लागला. पुसलेला मजकूर लगेच नाहीसा होत नाही, असे तिथे कोणी लिहिले होते; त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो डिस्कवर दडून राहतो.

त्याने लॅपटॉप लाल पेनड्राइव्हवरून सुरू केला, सापडेल ते उतरवून घ्यायला स्वतःची सुटी डिस्क शेजारी जोडली आणि शोध सुरू केला. जुनी डिस्क घरघरू लागली. दाराबाहेर भावजींची पावले येत, थबकत, परत जात. बिननावाच्या फायलींचा ढीग साचला. तो एकेक उघडत गेला: शाळेची परिपत्रके, निरोपाची भाषणे, संपादकांना पाठवलेले निषेध. आणि मग ‘सासुरवाडी : एक चिकित्सा’. मागे-पुढे सगळा ग्रंथ होता.

जेवणवेळ टळून गेली होती. त्याने कडी काढली, लॅपटॉप भावजींच्या हाती दिला आणि स्वयंपाकघर गाठले.

"ताई, सापडलं! एक अक्षर गेलं नाही! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काही दुरुस्त झालं!"

अभ्यासिकेतून मुख्याध्यापकांचा खणखणीत वाचनस्वर येऊ लागला. ताईने पदराला हात पुसले.

"एवढ्या भरवशानं बोलावलं तुला," ती म्हणाली, "आणि साधं बिघडवताही आलं नाही."