माळ्यावरचे तांदूळ

"आई, कोठी परत तू बघ. वैनीच्या हाताक गुण नाय."

किशोरीने ताटातले तांदूळ सासूसुनेसमोर धरले. दाणे एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या होत्या. पांढऱ्या जाळीत एक अळी वळवळत होती. किशोरी कुडाळहून माहेरी आली होती, चवथीच्या तयारीला हात लावायला. आल्या आल्या तिने कोठीतला पत्र्याचा डबा उघडला आणि हे निघालं.

समीक्षाने ताट आपल्याकडे ओढून घेतलं. राधाबाईंचे गुडघे गेले आणि कोठी सुनेच्या हाती आली, त्याच पावसाळ्यापासून धान्याला कीड लागायला सुरुवात झाली. आधी कुळीथ, मग तांदूळ, मग पीठ. त्याआधी या घराचं धान्य कधी नासलं नव्हतं, हे सगळ्या मसुरे गावाला ठाऊक होतं. तिने सासूकडे पाहिलं. राधाबाई खाली मान घालून काकडी चिरत राहिल्या.

"गणपतीच्या निवेदाक बाजारचे तांदूळ आणूया," किशोरी म्हणाली. "पावण्यांच्या पानात अळी पडली तर तोंड दाखवूक जागा ऱ्हवाची नाय."

स्वतःची शेती असताना देवाला बाजारचे तांदूळ! समीक्षाच्या कानशिलात रक्त चढलं.

"बाजारचे तांदूळ ह्या घरात येवचे नाय," ती म्हणाली. "चवथीचो निवेद आपल्याच तांदळाचो होतलो."

दुसऱ्या दिवशी तिने कोठी रिकामी केली. डबे, बरण्या, पिंपं, सगळं पडवीत आलं. नासलेलं धान्य वेगळं काढून तिने म्हशीच्या आंबोणात घातलं. फळ्या उकळत्या पाण्याने पुसल्या. भिंतीच्या भेगांतून सुईने जुनी जाळी ओढून काढली आणि भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या. बाहेर पाऊस कोसळत होता, ऊन मिळणं शक्य नव्हतं. तिने टेबलपंखा लावून फळ्या वाळवल्या. भातकोठारातलं राखलेलं भात नवऱ्याने, सिद्धेशने, गिरणीवर नेऊन भरडून आणलं. ते तांदूळ तिने चाळले, निवडले, घट्ट झाकणाच्या पिंपात भरले. मध्ये मध्ये बिब्बे घातले, कडुलिंबाचा वाळला पाला घातला. कोठी पाल्याच्या कडवट वासाने भरली. तिला पहिल्यांदाच शांत झोप लागली.

चवथ दोन दिवसांवर आली, तेव्हा सकाळी तिने कोठीचं दार उघडलं आणि तिच्या तोंडासमोरून एक तपकिरी पाखरू उडालं.

ती तिथेच खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं. मग पाणी पुसून तिने पिंपाचं झाकण काढलं. आत तांदूळ स्वच्छ. कुळीथ स्वच्छ. डाळ स्वच्छ. मग हे आलं कुठून?

ती उठली. आता तिला रडायचं नव्हतं, शोधायचं होतं. तिने दार लावून घेतलं आणि मोबाइलच्या उजेडात भिंत वीतवीत पाहू लागली. वरच्या कोपऱ्यात एक अळी दिसली. ती डब्यांकडून वर चढत नव्हती. माळ्यावरून खाली उतरत होती.

समीक्षाने शिडी लावली. माळ्यावर लग्नकार्यातली तांब्याची भांडी पालथी होती. ती सरकवत सरकवत ती पार भिंतीपर्यंत गेली. शेवटच्या हंड्यामागे वेताची टोपली होती आणि टोपलीत हिरव्या खणात बांधलेलं एक गाठोडं. हात लावताच त्यातून पाखरांचा लोट उठला.

"गावलां!" ती वरूनच ओरडली. "आई, किशोरी, गावलां!"

ती गाठोडं घेऊन उतरली तेव्हा केसांत कोळिष्टकं होती आणि चेहरा उजळला होता. किशोरीने खणाची गाठ सोडली. आत तांदूळ होते, म्हणजे कधीकाळी होते. आता नुसता भुसा, जाळी आणि अळ्या. तीन पावसाळे इथूनच सगळ्या घरात कीड उतरत होती. किशोरीने वहिनीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

राधाबाई भिंतीला धरून उठल्या. गाठोडं त्यांनी समीक्षाच्या हातून घेतलं, न्हाणीच्या चुलीपाशी नेलं. क्षणभर त्यांचा हात थांबला. मग ते त्यांनी जाळात घातलं आणि आत निघून गेल्या.

चवथीला घर माणसांनी भरलं. मुंबईचे दीर, जावा, मुलं. समीक्षाने सगळ्यांसमोर पिंप उघडलं. दाणा न् दाणा सुटा, मोकळा. गणपतीच्या पानात घरचा भात वाढला गेला आणि तिने तो वाढताना मान ताठ ठेवली. पंगतीत भाताला मागणी झाली, पुन्हा झाली. किशोरी वाढत होती, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "वैनीन राखलेले तांदूळ."

पंगती उठल्या. बायका मागच्या पडवीत विडे लावत बसल्या. तेव्हा किशोरीला राहवलं नाही.

"आई, आतातरी सांग. तां गाठोडां कोणी ठेवल्यान होतां?"

"मीया," राधाबाई म्हणाल्या. "दर उन्हाळ्यात माळ्यार चढान तेका ऊन दाखवी होतंय. गुडघे गेले आणि तां ऱ्हवान गेलां."

"पण इतके जपान ठेवण्यासारखे कसले तांदूळ गो ते?"

राधाबाईंनी हातातलं पान खाली ठेवलं आणि सुनेकडे पाहिलं.

"समीक्षा माप ओलांडून ह्या घरात इली ना, तेव्हा उंबऱ्यात सांडलेले."