रांगेत नववी

सव्वादहाची बस समोरच्या थांब्यावर आली, दार उघडून दोन मिनिटं उभी राहिली आणि रिकामीच शहराकडे निघून गेली. पार्क अँड राइडच्या वाहनतळाच्या अलीकडच्या कडेला चौदा माणसं रांगेत उभी होती. त्यांनी जाणारी बस बघितली.

"आणखी एक," थर्मास घेऊन उभा असलेला नेव्हिल म्हणाला. "रिकाम्या बसगाड्या फिरवायला यांच्याकडे माणसं आहेत."

"ती आपली नसेल," त्याच्या पुढे उभी असलेली ग्लेनिस म्हणाली.

"वर शहराचं नाव होतं की."

"हो, पण ती त्या थांब्यावर थांबली."

नेव्हिलनं विचार केला. मुद्दा बरोबर होता. त्यानं चहा ओतून घेतला.

ग्लेनिसच्या पर्समध्ये हॉस्पिटलचं पत्र होतं. आपला रस्ता खणलेला आहे, नातेवाइकांनी शहराबाहेर पार्क अँड राइडला गाडी लावून बसनंच यावं, बस दर दहा मिनिटांनी आहे. तिच्या नवऱ्याला, ट्रेव्हरला, अकरा वाजता आत घेणार होते. हृदयाचं ऑपरेशन. जगायची शक्यता निम्मी, असं डॉक्टर काल म्हणाले होते, आणि ट्रेव्हर म्हणाला होता, "चालेल, पण कुठलं निम्मं ते आधी कळवा." आत नेण्याआधी मी येते, असं ती त्याला सांगून आली होती. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात ती उशिरा कुठेच पोचली नव्हती. आजही नऊ चाळीसलाच येऊन उभी होती. तिचा नंबर नववा.

दहा पंचवीसची बस समोर येऊन थांबली. या वेळी ड्रायव्हर खाली उतरला आणि गाड्यांच्या रांगांमधून चालत इकडे आला.

"मंडळी, इथे कशासाठी उभे आहात?"

"बससाठी," चौदापैकी सहा जण म्हणाले.

"हा थांबा सोमवारपासून बंद आहे. बस तिकडून सुटते. पाटी लावलीय."

"कुठे?"

"या साहेबांच्या पाठीमागे."

सगळ्यात पुढे, खांबाला टेकून, क्लाइव्ह ऑर्मरॉड उभे होते. वय सत्त्याऐंशी, हातात वॉकर. ते सावकाश वळले. त्यांच्या पाठीएवढीच पाटी होती.

"अरे. सॉरी," क्लाइव्ह म्हणाले. "मला वाटलं, वाऱ्याला आडोसा केलाय."

"नाही नाही, सॉरी आम्हीच," बाकीचे म्हणाले.

"दोन मिनिटं थांबू शकतो," ड्रायव्हर म्हणाला. "वेळापत्रक आहे."

पलीकडचा थांबा दीडशे पावलांवर होता. रांग निघाली. म्हणजे रांगच निघाली. आधी क्लाइव्ह, मग छत्रीवाली बाई, मग एक जोडपं, जसेच्या तसे. वॉकर पुढे ठेवायचा, एक पाऊल, दुसरं पाऊल, वॉकर पुढे ठेवायचा. मागे तेरा माणसं त्याच तालात.

"तुम्ही व्हा पुढे," क्लाइव्ह थांबून म्हणाले. त्यामुळे सगळेच थांबले. "मी येतो हळूहळू."

"छे छे. तुम्ही साडेनऊपासून उभे आहात," छत्रीवाली म्हणाली.

"अहो, तुम्ही तरी पळा," नेव्हिल ग्लेनिसच्या कानाशी म्हणाला. "तुमचं हॉस्पिटल आहे."

"पुढे आठ जण आहेत."

"त्यांना सांगा की."

ग्लेनिसनं घड्याळ बघितलं. घसा साफ केला. "एक्स्क्यूज मी," ती पुढच्या बाईला म्हणाली.

"सॉरी," म्हणत बाई गडबडून अर्धं पाऊल बाजूला सरकली. "मी तुमच्या वाटेत आले का?"

"नाही नाही. सॉरी," ग्लेनिस म्हणाली.

एवढं बोलून झाल्यावर आणखी काही बोलणं तिला बरं दिसेना.

निम्म्या वाटेत वॉकरचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. दोघांनी मिळून ते काढेपर्यंत बस सुटली. ड्रायव्हरनं खिडकीतून दिलगिरीचा हात वर केला. चौदा जणांनी हात वर करून, काही हरकत नाही, असं कळवलं.

नव्या थांब्यावर रांग लागली. इथेही एक पाटी होती. दहा पस्तीस ते अकरा पाच बस नाही. ती सगळ्यांनी नीट वाचली, मग क्लाइव्ह तिला टेकून उभे राहिले.

अकराला बारा कमी असताना ग्लेनिसचा फोन वाजला.

"न्यायला आलेत गं," ट्रेव्हर म्हणाला. "आधीचा पेशंट लवकर आटपला. कुठे आहेस?"

"रांगेत."

"कितवी?"

"नववी."

मागे कुणीतरी त्याला अंगठी काढून द्यायला सांगत होतं.

"नववी म्हणजे बरीच पुढे आहेस," तो म्हणाला. "सोडू नको नंबर."

"नाही सोडत."

"बरं, ठेवतो. हे लोक थांबलेत माझ्यासाठी."

फोन बंद झाला. ग्लेनिस तो हातात धरून उभी राहिली. तेवढ्यात पाचव्या नंबरची बाई कंटाळून आपल्या गाडीकडे परत निघाली, आणि मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकले. तीही सरकली.

आता ती आठवी होती. ट्रेव्हरला हे आवडलं असतं. तिनं परत फोन लावला. रिंग बराच वेळ वाजत राहिली.

मागून नेव्हिलनं थर्मासचं झाकण भरून पुढे केलं.

"घ्या," तो म्हणाला. "हलतेय रांग."