हाताला माया

आजीबाईंच्या पोटावर हात ठेवून हर्षला तपासत होती. डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाची ही विद्यार्थिनी स्वतःच्या हाताकडे नव्हे, आजीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी उमटताच तिचा हात तत्क्षणी थांबला.

डॉक्टर अंतूरकरांनी ते पाहिले. त्यांच्या वॉर्डात विद्यार्थ्याची चूक तेवढी बोलून दाखवण्याची रीत होती. सारे बरोबर असेल, तर सर मुकाट्याने पुढच्या खाटेकडे वळत. तसे ते वळलेही. मागून हर्षलाची पुटपुट कानी आली, "आजही सर चांगलं म्हणाले नाहीत. मला नाही जमायचं हे. सोडून गावी जाते."

त्यांची पावले थबकली. अशाच एका वॉर्डात, ते स्वतः कॉलेज सोडण्याच्या बेतात असताना, त्यांच्या गुरू दाबकेबाई जाता जाता म्हणाल्या होत्या, "तुझ्या हाताला माया आहे रे, गाढवा!" त्या एका वाक्याच्या बळावर त्यांचे अवघे आयुष्य उभे राहिले होते. बाई आता हयात नव्हत्या, आणि हे त्यांना सांगायचे राहूनच गेले होते.

ते परत फिरले. "उत्तम तपासलंस, पोरी. दुखणं चेहऱ्यावर वाचलंस."

हर्षलाचे डोळे भरून आले. "तुम्हालाच पाहून शिकले, सर. सांगायचा धीर होत नव्हता."

अंतूरकरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच आजीबाई बोलल्या, "तुमचं कवतिक आटपलं आसंल, तर माझ्या पोटाचं बगा की वो, डाक्टर!"