तीन होड्यांत भाग

सातपाटीच्या किनाऱ्यावर सकाळपासून ताटकळलेल्या बायकांना दुपारी दोन शिडं दिसली. दिसायला हवी होती तीन.

पुढच्या होडीवरून कुणीतरी ओरडलं, "भवानी गेली! कोन नाय वाचला!" रखमाचा नवरा दादू भवानीचा तांडेल, होडी त्याच्याच हुकमानं चालायची. रखमा उभी होती तिथंच वाळूत बसली.

नवसी धावत तिच्यापाशी गेली. तिला कवेत घेतलं, पदरानं तिचं तोंड पुसलं, काहीबाही बोलत राहिली. आणि बोलता बोलता तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती: माझे दोघे भवानीवर नाहीत. थोरला विश्राम एकवीरेवर, धाकटा चिंतू धनलक्ष्मीवर, आणि त्या दोन्ही होड्या तर समोरून येत होत्या. आपण सुटकेचा निःश्वास टाकला याची तिला लाज वाटली. पण श्वास सुटायचा तो सुटलाच. भवानीत तिचा माणूस नव्हता, नुसता भाग होता.

असे भाग पाडून ठेवायचं तिला पुतण्यानं शिकवलं होतं. आत्माराम मुंबईला एका शेअरदलालाच्या पेढीवर कारकून. सुट्टीला आला की ओटीवर बसून कंपन्यांच्या गोष्टी सांगायचा. "शहाना मानूस सगला पैसा एका कंपनीत घालत नाय, काकी. थोडा कापडात, थोडा सिमेंटात, थोडा चहात. एक बुडाली तरी बाकीच्यांचा लाभांश येतच राहतो." एरवी त्याच्या बढाया या कानानं ऐकून त्या कानानं सोडणाऱ्या नवसीला हे मात्र चटकन पटलं. तिच्या नवऱ्यानं होतं नव्हतं ते एकाच होडीत घातलं होतं, आणि ती होडी त्याच्यासकट खडकावर फुटली होती. तिनं अंगावरचं सोनं मोडलं आणि तीन होड्यांत भाग घेतले. पोरंही वेगवेगळ्या होड्यांवर घातली. तारापूरला अणुवीजघराचं काम निघालं होतं, तिकडे मजुरीला जा म्हणून ती त्यांच्या मागे लागली होती, पण कोळ्याची पोरं घमेली उचलायला तयार होईनात. मग निदान दोन भावांनी एका होडीत पाऊल ठेवायचं नाही, एवढी सक्त ताकीद तिनं दिली.

आत्माराम आताही शेजारीच उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. धीर द्यावा म्हणून तो खाली वाकला. "काकी, तुजे दोन भाग शाबूत हायत. पोरं बी शाबूत."

"गप रे," नवसी म्हणाली. रखमाच्या देखत हे बोलायची गरज नव्हती. पण तिला ते ऐकून बरं वाटलं, हेही खरंच.

होड्या वाळूला लागल्या. माणसं उतरू लागली. एकवीरेचा दोर घेऊन नेहमी विश्राम पहिली उडी मारायचा. आज दोर भलत्याच कुणाच्या हातात होता. नवसीनं धनलक्ष्मीकडे पाहिलं. मग पुन्हा एकवीरेकडे. सगळे उतरले तरी ती बघतच राहिली.

धनलक्ष्मीचा तांडेल कमलाकांत गुडघाभर पाण्यातच थांबला होता. पुढं येईना.

"चिंतू कुटं हाय?" नवसीनं विचारलं.

"वयनी..."

"झोपलाय आत? उठव त्याला."

"भवानीचं जालं खडकाला अडकलं, वयनी. वारा फिरला व्हता. दादूनं हात मागितला, म्हून दोनी होड्या तिच्या अंगाला नेल्या. एकवीरेवरनं विश्राम भवानीवर चढला, आमच्यावरनं चिंतू."

"दोगं?" ती म्हणाली. "दोगं कशाला? बाकीचे खलाशी मेले व्हते?"

ते तिला विचारायचं कारणच नव्हतं. ज्या होडीत आपला भाग, तिच्या अडचणीला आधी आपल्या घरचा माणूस धावणार, ही किनाऱ्याची रीत. ती कुणी शिकवत नाही आणि कुणी मोडत नाही. मुंबईत शेअर घेणाऱ्याला गिरणीत जाऊन कापडाच्या गाठी उचलाव्या लागत नाहीत. आत्मारामला तेवढंच ठाऊक होतं, आणि नवसीला आपली रीत ठाऊक असूनही तेव्हा आठवली नव्हती.

आत्मारामचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अरे, पन जालं कापायचं ना!" तो ओरडला. "जाल्यापायी कोन मरतं का?"

"मी पन तेच बोंबललो," कमलाकांत म्हणाला. "दादूनं कोयता उचलला व्हता. विश्रामनं त्याचा हात धरला. आईचा भाग हाय यात, कापू नको, आमी वर घेतो म्हनाला. चिंतू बी त्याच्याच बाजूनं. तेवढ्यात लाट आली."

रखमानं हे सगळं ऐकलं. नवसीच्या कमरेभोवती तिचा हात होता, तो तिनं काढून घेतला आणि ती सरकून लांब बसली. तिला दोष कोण देणार?

नवसी उठली. पाण्यात गेली. कमलाकांतचं मनगट तिनं घट्ट धरलं आणि त्याची काही तरी चूक होते आहे, ती नीट समजावून सांगावी तशी त्याला सांगू लागली.

"चार आन्याचा भाग व्हता रं माजा. सगली होडी कुटं माजी व्हती? चारच आन्याचा व्हता."